इनासची घागर

२ नोव्हेंबर १९३१, जळगाव
सर्व मृतांचा दिवस. भुसावळहून फादर आले. इनासच्या नोकरीची रेल्वेची खोली सुटल्यापासून आम्ही घरमालकीण अक्कांच्या माडीवर, तिथेच मिस्साची उपासना झाली. सासूबाई वसईहून येऊन राहिल्यात. त्यांचा एकच प्रश्न. ताप चढला, फादर पोचायच्या आत इनास गेले, पापकबुली राहिली. मग माझा पोर आता कुठे? फादर म्हणाले, शुद्धिस्थानात. देवाजवळ जाण्याआधी आत्मा तिथे तावून निघतो. आपल्या प्रार्थनेने त्याचे हाल कमी होतात.
सासूबाई त्याला पुर्गातोर म्हणतात. जरा शांत झाल्या.
पाप तरी काय, रविवारी मिस्सा चुकवून गिरणेवर गळ टाकून बसायचे. आणि आणलेल्या माशांच्या कालवणाला नावं ठेवायचे. त्याची शिक्षा मीच दिली असती.

१० फेब्रुवारी १९३२
उपवासकाळ लागला. सासूबाईंनी दिवसा पाणी सोडलं. पुर्गातोरात आग आहे, पोराची तहान मी घेते, म्हणतात. ईस्टरपर्यंत असेल, म्हणून गप्प बसले.

३ एप्रिल
ईस्टर होऊन गेला. पाणी सोडलेलंच. ऊन तर असं, की पितळी तांब्याला हात लाववत नाही.
अक्का खालून वर आल्या, म्हातारी अशी का सुकत चालली ते विचारायला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तठे त्याले पानी कोन देस?"


२४ एप्रिल
फादर आले. सासूबाईंना बरंच रागावले. असली तपश्चर्या देवाने मागितलेली नाही, असं बजावलं. सासूबाई मान खाली घालून, "देवानं नाही मागितलं, फादर. पोरानं मागितलंय."
संध्याकाळी बघितलं तर तांब्या भरलेलाच.

४ मे
चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या. ओठ फुटलेत. डोक्यावर ओला पंचा ठेवला, तर तोंडात ओघळ जाऊ नये म्हणून मान वळवली. रडू आलं. एक गेले, आता ह्याही…

८ मे, अखाजी
अक्कांकडे अक्षय्यतृतीयेच्या, पितरांना पाणी पोचवायच्या घागरी पुजल्या. सासऱ्यांची, नवऱ्याची. शेजारी तिसरी, नवी, वर खरबूज नि सांजोरी. मला वाटलं त्यांच्या दिराची असेल.
दुपारी अक्का जिना चढून सासूबाईंपुढे बसल्या. दोघींना एकमेकींची बोली निम्मीच कळते. पण हे कळलं.
"माय, तुना पोरनी घागर भरी दिधी मी. पोचनं त्याले पानी. आते तू बी पे."
सासूबाईंनी अक्कांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काय सांगणार, आपल्यात चालतं की नाही? तांब्या उचलून हातात दिला.
प्यायल्या. सगळा. हनुवटीवरून सांडत होतं, अक्का पदराने पुसत होत्या.

२९ मे
फादरना घागरीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, आता रोज पाणी पितात ना? हो म्हटलं. प्रार्थना सोडू नका म्हणाले. पाप झालं की नाही, ते बोललेच नाहीत. मीही विचारलं नाही.

२२ जून
सासूबाईंना नवाच घोर. अक्काचा नवरा कुठे असेल गं? त्याच्यासाठी पुर्गातोरची प्रार्थना कोण करतं? मी म्हटलं, त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, फादर काय म्हणतील कुणास ठाऊक.
नाव विचारायला त्या खाली गेल्या. अक्का नवऱ्याचं नाव कशाला घेतील! लाजून आत पळाल्या, साठीची बाई.
आज रोझरीचा जप संपताना सासूबाईंनी इनासचं नाव घेतलं. आणि पाठोपाठ, "अक्काचा धनी. नाव तुला ठाऊक आहे."
मी अडले. त्या डोळे मिटून थांबलेल्या. शेवटी आमेन म्हटलं.
फादर रविवारी येतील. विचारावं तर ते नाही म्हणायचे. आमेन तर म्हणून झालं.