साडेनऊची उभी मीटिंग

२ जून, सकाळी १०
यांच्या कंपनीला नवी दिशा मिळाली. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं ॲप आता माणसांऐवजी कुत्र्यामांजरांसाठी. हे म्हणाले, कोड ऐंशी टक्के तोच राहतो. देवाच्या मनात असलं की वाट सापडतेच.
हे घरूनच काम करतात. रोज साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर उभ्याने मीटिंग. उभं राहिलं की माणूस मोजकं बोलतो म्हणे. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. पद्धत आवडली. मीही वहीत तसंच लिहीन. चहा ठेवताना स्क्रीनवरची तोंडं मोजली. अकरा.

५ जून
काल: जप. जुन्या चादरीचे दोन अभ्रे. आज: खिडक्या. अडचण: नाही.
दादाचा फोन. त्याच्या ऑफिसात यांच्यासाठी कायमची जागा आहे, वीस तारखेपर्यंत धरून ठेवतो म्हणाला. हे म्हणाले, तुला काय वाटतं? मीच नको म्हटलं. कंपनी वर निघालेली असताना हातचं सोडून पळत्याच्या पाठी का लागा? दादा म्हणाला, बाई गं, तुमच्या हातात नेमकं काय आहे ते तरी बघ. तो लहानपणापासून खवचट.

११ जून
तोंडं सात. टीम सुटसुटीत झाली, असं हे म्हणतात. खरंच आहे, चुलीपाशी चौघी जमल्या की भाजी करपते. कुत्रीमांजरं रद्द. आता झाडांना पाणी कधी घालायचं ते सांगणारं ॲप. मी आपली कुंडीतल्या मातीत बोट घालून बघते. हे म्हणाले, लोकांना बोट घालायला वेळ नाही. यांचे साहेब सव्वीस वर्षांचे, पण दृष्टी लांबची.
अडचण: नाही.

१६ जून
तोंडं तीन. पैकी एकाचा कॅमेरा बंद. पगाराचं विचारावंसं वाटलं. त्याऐवजी एक माळ जास्त ओढली.

१९ जून
दादाचा पुन्हा फोन, उद्या शेवटचा दिवस. लेक कॉलेजला निघताना म्हणाली, आई, बाबांना हो म्हणायला सांग ना. म्हटलं, बापाच्या कामात अपशकुन नको. ती चपला घालून गेली. दादाला नको म्हणून कळवलं.
अडचण: नाही. (तोंडं दोन.)

२३ जून
तोंड एक. यांचंच. दाराआडून ऐकलं. काल काय केलं ते सांगितलं, आज काय करणार ते सांगितलं, अडचण नाही म्हणाले. मग जरा थांबले, आणखी कोणाला बोलायचं असेल म्हणून.
चहा दोनदा तापवला. दादाला फोन लावला. जागा एकवीस तारखेलाच भरली. म्हटलं, छे, मी वहिनींची तब्येत विचारायला केला होता.

२४ जून, सकाळी १०
साहेबांची मेल आली. कंपनी बंद, लॅपटॉप परत पाठवा. तरी हे साडेनऊला इस्त्रीच्या शर्टात उभे. बघवेना. हात पुसून शेजारी जाऊन उभी राहिले. यांनी सवयीने विचारलं, कोण सुरू करतंय?
मी सांगितलं. काल: दादाला फोन केला, उशीर झाला होता. आज: माहीत नाही. अडचण: आहे.
यांनी ती लिहून घेतली. म्हणाले, उद्याच्या मीटिंगमध्ये घेऊ.