दहा मात्रांचा परवाना

प्रिय मेहुण्यांस सप्रेम नमस्कार.

आज सकाळपासून कानात आमच्या चौथीच्या गुरुजींचं डस्टर वाजतं आहे. कवितेच्या तासाला ते टेबलावर मात्रा मोजायचे, टक् टक् टक्, आणि मात्रा जास्त झाली की पुढची टक् आमच्या डोक्यावर. (म्हणून आजही माझ्या ओळी चोख असतात आणि टाळू दुखते.) तुमचा गुडघा कसा आहे? दफ्तरखान्याचे जिने जपून चढा. तुमची ताई खुशाल आहे.

माझं मात्र बरं नाही. समुद्रातल्या किल्ल्यावर मी रोज शाळेच्या मुलांना बुरूज दाखवत तिथल्या त्या नामांकित दर्यावर्दीचं चरित्र सांगतो, हे तुम्ही जाणताच. (पेन्शनीनंतर दुसरं सुख नाही.) किल्ल्याच्या समितीला दरवाजापाशी शिळा बसवायची होती. तिने चार ओळी माहिती मागितली, मी दोन ओळी काव्य दिलं:

तटास ज्याचे लागे तारू,
लाटांवरचा शूर लुटारू!

सोळा सोळा मात्रा. पाथरवटाने कोरलं, पडदा सरला, वर्तमानपत्रात छायाचित्र आलं आणि दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष घरात. ते स्वतःला त्याचे वंशज म्हणवतात.

"आजोबा, आमचा पूर्वज काय चोर होता हो? राजाचा परवाना होता त्याच्याकडे!"

"होता ना. पण वृत्तात बसेना."

आता मला सांगा, 'लाटांवरचा'नंतर जागा उरते आठ मात्रांची. 'परवानाधारक' एकटाच दहा अडवून बसतो, मग दर्यावर्दीने उभं कुठे राहायचं? पाण्यात? (तशी लूट तीच, बुडणारी जहाजंही तीच. खिशात कागद असला की पराक्रम, नसला की फाशी. हा फरक मी मुलांना रोज समजावतो. अध्यक्षांना समजावला तर चहा न घेता गेले.) कालपर्यंत गावात त्याच्या वंशजांची चौदा घरं होती. शिळा लागल्यापासून तेरा घरांनी आपला संबंध नसल्याचं लेखी कळवलं आहे.

मला शनिवारपर्यंत मुदत आहे. ओळ बदला, नाहीतर किल्ल्यात पाऊल टाकायचं नाही. मुलांना मग बुरूज कोण दाखवणार? तो शिपाई? तो तोफेवर धोतरं वाळत घालतो. तेव्हा दफ्तरात शोधून परवान्याची नक्कल पाठवावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
ताईचे यजमान

ता. क. परवाना सापडलाच तर तूर्त पाठवू नका. त्याऐवजी 'रू'वर संपणारा, आठ मात्रांचा, सभ्य शब्द पाठवा. तो नसेल तर 'परवाना आढळत नाही' असं सही-शिक्क्यानिशी कळवा. ओळ वाचेल.

ता. क. २. दार वाजलं म्हणून उठलो. तुमच्या आईसाहेब आल्या आहेत. तुमच्याकडे असायला हव्यात ना त्या? एका हातात ट्रंक, दुसऱ्यात वर्तमानपत्राचं कात्रण. उंबऱ्यातूनच विचारताहेत, "जावईबापू, माझ्या खापरपणजोबांना लुटारू कोण म्हणालं?"