मिलोयेच्या चौथ्या मुलीचं नाव

१२ सप्टेंबर १९३१

चौथीही मुलगीच! मिलोये कुंपणावरूनच ओरडला, "कूमा, पुढच्या रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा. नाव जरा दणकट दे!"
त्याच्या घरची कूमा, म्हणजे धर्मआई, मी. नवऱ्यामागे हा मान माझ्याकडे आला. नाव मीच ठरवायचं, आणि तिथं उच्चारेपर्यंत आईबापांनाही सांगायचं नाही.
दणकट म्हणजे काय, ते ठाऊक आहे मला. पोरगा हवाय त्याला.

१३ सप्टेंबर

आलुबुखारचा मुरंबा ढवळता ढवळता आठवत होते, या घरात मी काय काय नावं दिली. थोरली व्हिश्न्या, म्हणजे चेरी. जिभेनं आंबटच निघाली! दुसरी वुकोसावा. नावात लांडगा आहे, चेटकिणी जवळ येत नाहीत म्हणे. बाईसाहेब स्वतः कोंबडीला घाबरतात. तिसरी स्तांका. म्हणजे 'थांबा' – मुली आता पुरे! मिलोयेच्या आग्रहाखातर दिलं, सात वर्षं झाली.
कुणी थांबलं नाही, हे उघडच आहे.

१६ सप्टेंबर

मिलोयेची आई येव्रोसिमा रकियाची, घरच्या फळांच्या दारूची, बाटली घेऊन हजर. लाच!
"कूमा, मागचं नाव लेचंपेचं होतं. आता नीट बजावून सांग वरच्याला."
"अगं, नावानं पोरगे होत असते तर मी दुकानच थाटलं असतं!"
बाटली मात्र ठेवून घेतली.

१८ सप्टेंबर

मिलोयेच्या बायकोला, दारिंकाला बघायला गेले. बाळ कुशीत, तोंड भिंतीकडे. सासू बाहेर जाताच कुजबुजली, "कूमा, आईनं चर्चमध्ये यायचं नसतं. पण हिला तसं नाव नका देऊ. स्तांकाला हाक मारतानाच जीभ अडखळते माझी."
मी नुसतं बाळाचं दुपटं सारखं केलं. आधी सांगायचं नसतं ना!

२० सप्टेंबर, रविवार

पाद्रीबाबांनी विचारलं. मी ठणकावून म्हणाले, "झेल्याना." म्हणजे हवीहवीशी.
मिलोयेचं तोंड आंबवलेल्या कोबीसारखं! पण धर्मआईचा शब्द कोण मोडणार? पोरी घराकडे धावत सुटल्या, आईला नाव आधी कोण सांगतं म्हणून. स्तांका पहिली पोचली. दारिंका हसली आणि रडली म्हणे.
आज मी स्वतःवर बेहद्द खूश!

२१ सप्टेंबर

सकाळीच स्तांका दारात. "कूमा, झेल्याना म्हणजे हवीहवीशी. आणि मी?"
खोटं सुचेना. सांगून टाकलं, 'थांबा'.
जरा विचार करून म्हणाली, "बरं झालं, कुणी ऐकलं नाही माझं. नाहीतर झेल्याना आलीच नसती."
मला मान वर करून तिच्याकडे बघवलं नाही.