मोटरीचा करंट

प्रिय आचल,

फोनवर मी त्या डबीचं नाव काढलं की तू लग्नाच्या ब्लाउजांवर येतेस, म्हणून लिहायला बसले. बाबांच्या तेरवीची भांडी अजून परत करायची आहेत. राहू देत.

तू पुण्याला परत गेलीस आणि मग एक गोष्ट कळली. बाबा पहिल्यांदा कोसळून वाचले, तेव्हा छातीत ती डबी बसवली होती. हृदय भलतंच धावलं की आतून झटका देऊन ताळ्यावर आणणारी. सगळ्या रोहणा गावात मिरवलं बाई आम्ही! मग उन्हाळ्यात विहिरीवर मोटर सुरू करताना त्यांना जबर झटका बसला. मोटर करंट मारून राह्यली, म्हणाले. धर्मेंद्र वायरमनकडून वायर बदलून घेतली. पुन्हा बसला, तर स्टार्टरच बदलला. दवाखान्यात काऊन जायचं, बिघाड तर मोटरीत! मीही रबरी चपला घाला म्हणून ओरडायची. तिसऱ्या वेळी चपला पायातच होत्या, आणि ते पाटात उताणे पडलेले. डबीने झटक्यावर झटके दिले, हृदय ऐकेना. अग्नी देण्याआधी ती काढून घेतली होती. डॉक्टरांनी तिच्यातली नोंद तपासली, तर आधीचे दोन्ही झटके तिचेच. तिने त्यांना दोनदा वाचवलं आणि आम्ही वायरी बदलत बसलो.

हा आजार रक्तातून येतो, आणि तुझा रिपोर्ट तसाच आलाय. डॉक्टर म्हणाले, आपल्या देशात ही डबी बहुतेकांना एकदा कोसळून परत आल्यावरच बसते. ज्यांना आधीच बसवायला हवी ते टाळतात, आणि कोसळलेल्यांतले फार थोडे परत येतात. तू म्हणतेस लग्नानंतर बघू. गळ्याखाली व्रण दिसेल, सासरी कळेल, राकेश काय म्हणेल. अगं, जिना चढताना तुला भोवळ आली, तीही मोटरीमुळेच का?

म्हणून काल मी सेलूला गेले आणि राकेशच्या आईला सगळं सांगून टाकलं. भली बाई आहे, चहा दिला, माझ्याबरोबर रडलीही. आज सकाळी निरोप आला, जमणार नाही. तुझं लग्न मी मोडलं, आचल. आता लपवायचं कुणापासून? सोमवारी नागपूरले येजो, मी दवाखान्याच्या दारात उभी राहीन. हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नको. पण तू राहा, माय.

तुझीच,
आई