लिनबाईंना रुग्णाच्या खोलीत येऊ देणेबाबत

प्रति,
मा. डॉ. श्रीरंग गुरुदत्त आठल्ये
मुख्य वैद्यकीय अधिकारी
काउंटी रुग्णालय, न्यू जर्सी

विषय: रुग्ण गुरुदत्त आठल्ये यांच्यावर चिनी पद्धतीने सुयांचा उपचार करू देणेबाबत.
संदर्भ: आपला रविवारचा तोंडी नकार.

महोदय,

देवरुखचे वैद्य त्र्यंबकशास्त्री आपले पणजोबा, वैद्य अनंतशास्त्री आजोबा आणि वैद्य गुरुदत्त आपले वडील. हाडांच्या कर्करोगाने ते सध्या आपल्याच रुग्णालयात आहेत. रविवारी मी विषय काढताच आपण "आई, हे इथं अलाउड नाही, प्लीज," म्हणून गाडीची किल्ली उचललीत. आईला असे उत्तर चालते. अर्जदाराला कारणांसह लेखी द्यावे लागते.

१. लिनबाई या सुयांच्या उपचाराच्या परवानाधारक आहेत. त्यांना घरी आणले आपल्याच पत्नीने, सौ. विनीताने. पहिल्या दिवशी त्यांनी मनगटावर तीन बोटे टेकताच आपले वडील डोळे मिटूनच म्हणाले, "बाईंना नाडी कळते." त्या सुया लावीत, हे शांत झोपत, आणि उठल्यावर माझ्याशी बोलत.

२. येथे दाखल केल्यापासून इंजेक्शने चालू आहेत. कळ थांबते, पण माणूसही हरवतो. गुरुवारी त्यांनी मला नर्स समजून "थँक्यू" म्हटले. छप्पन्न वर्षांच्या संसारात त्यांनी माझे आभार कधी मानले नव्हते. ते अशा रीतीने नको होते.

३. त्यांना वाचवा, असे मी म्हणत नाही. जाताना त्यांनी मला ओळखावे, एवढ्यासाठी इंजेक्शन कमी करावे व लिनबाईंना येऊ द्यावे.

४. आजवर आपणांस न सांगितलेली गोष्ट नमूद करते. आपण सहा वर्षांचे असताना घटसर्पाने आपला श्वास कोंडला. वडिलांनी स्वतःचा काढा बाजूला सारून मिशनच्या डॉक्टरांना इंजेक्शनसह घरात घेतले. गाव म्हणाले, "वैद्यबुवांचाच आपल्या औषधावर भरवसा नाही, मग आपण कशाला घ्यायचे?" निम्मे रोगी तुटले. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही. परक्या विद्येला आपणही आपल्या दारातून आत घेणे, एवढेच त्यांचे आपल्याकडून येणे बाकी आहे.

उत्तर उद्या सकाळपर्यंत मिळावे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
सौ. सुहासिनी गुरुदत्त आठल्ये
एडिसन, दि. ११ नोव्हेंबर १९८६

सोबत:
१. लिनबाईंच्या परवान्याची प्रत.
२. रुग्णाच्या सहीची पावती: "चि. श्रीरंगकडून येणे पूर्ण पोचले." सही करता यावी म्हणून त्यांनी काल दुपारचे इंजेक्शन घेतले नाही. आपण नकार दिलात तरी पावती कायम राहील, असे त्यांनी मला लिहायला लावले आहे. मला ते मान्य नव्हते.