जुन्या गिऱ्हाइकाला फोन महाग

सोमवार, १० नोव्हेंबर

नव्या माणसाला दोन हजारांची सूट आन् मला दंड! हप्त्यांवर घेतलेल्या फोनचा आवाज बसत चाललाय म्हणून नवा बघाय गेले. जुन्याचे अठरातले चौदा हप्ते भरलेत मी. एकबी चुकला न्हाय. बारामतीच्या दुकानातला दीपक म्हणतो, सूट नव्या गिऱ्हाइकाला. तुमचं खातं चालू हाय. आधी राहिलेले हप्ते एकदम भरा, वर खातं मधीच बंद करायचा दंड भरा, मग नवा फोन पुऱ्या किमतीला.

का म्हणून, इचारलं. हसत म्हणतो, "मावशी, तुमी कुठं जाताय? नव्याला वढून आणावं लागतं."

खरंच हाय. दावणीच्या म्हशीला पेंड कोण दाखवतं?

माझ्याकडं जुन्या गिऱ्हाइकाला डझनामागं एक भाकरी जास्त जाती. ह्यांचं सगळंच उलटं.

मंगळवार, ११

फोनचा आवाज पार गेला. मला चार बुकं आली, वाचायला येळ लागतो. म्हणून भाकरीची आर्डर लोक बोलूनच पाठवतात. आता ऐकायला येत न्हाय. कंपनीच्या कँटीनवाल्या बापूसाहेबांनी काल कळवलं हुतं, आज सुट्टी हाय, भाकरी नको. मी पहाटंच साठ थापल्या. त्यांच्या घरी गेले तर ते म्हणाले, हे दुसऱ्यांदा झालं. पुढच्या आठवड्यात फोन नीट नसला तर काम आमच्या कन्हेरीतल्याच दुसऱ्या बाईला देणार. धा वर्षं चुलीपुढं बसून मिळवलेलं काम!

बुधवार, १२

साठ भाकरी. म्हशीनं दोन दिवस खाल्ल्या. तिची चैन हाय.

रविवार, १६

शेजारची साखरबाई म्हणाली, सुनंच्या नावावर घे की. ती नवी, तिला सूट. समदे असंच करतात. "आमच्यात गॅस सासूच्या नावावर, टीव्ही पोरीच्या नावावर. माझ्या नावावर निस्त्या शिव्या."

मला पटत न्हवतं. पैसं माझं, घाम माझा, आन् नाव दुसरीचं? पण कँटीन जायला नको. सून प्रतिक्षा लगेच व्हय म्हणाली. तिच्या नावावर आजवर चमचाबी घेतलेला न्हाय. अविराजला इचारायचं ऱ्हायलं. पोरगा इंदापूरला नोकरीला, शनिवारीच घरी येतो. म्हणलं, फोन घेऊनच सांगू.

मंगळवार, १८

प्रतिक्षा नवी न्हाय.

दीपकनं तिचं आधार टाकलं आन् पडदा माझ्याकडं वळवला. मग म्हणाला, हिच्या नावावर श्रावणापासनं एक फोन चालू हाय. इंदापूरच्या दुकानातनं घेतलेला, माझ्या फोनपेक्षा तिप्पट भारी. हप्ते अविराजच्या खात्यातनं जातात.

फोन आमच्या घरात न्हाय.

येष्टीत पोरगी एवढंच बोलली, "विम्याचं हाय म्हणून ह्यांनी सही घेतली हुती, आत्या."

साखरबाईच्या फोनवरनं त्याला निरोप धाडलाय. शनिवारी उंबऱ्यात पाय टाकायच्या आधी सांग. त्यो फोन कुणाच्या हातात हाय?