पास झालो म्हणून हाकललं

३ तारीख, मंगळवार
ताईने आज तोंड उघडलं ते बंदच केलं नाही. तिच्या सोफ्यावर झोपायचं असेल तर त्या व्यसनमुक्ती सेंटरमध्ये नाव घाल म्हणे. क्रिस्टलची नशा सोडवायचं नवीन औषध आलंय, ते चालतं का हे माणसांवर बघतायत. मी म्हटलं, म्हणजे मी उंदीर. ती म्हणाली, उंदीर निदान मिक्सर खोलत नाहीत.
मिक्सर मी दुरुस्त करायला खोलला. सगळे स्क्रू पेपरवर साइजप्रमाणे मांडलेत. त्याचं कौतुक शून्य.
आणि सोडवायचं काय? मी धरलेलंच नाही. वाटलं तर घेतो. रोज वाटतं, तो वेगळा मुद्दा.
ठरलं. सेंटरला जायचं, टेस्ट झकास पास व्हायची, रिपोर्ट ताईच्या हातात द्यायचा. विषय खलास.

४ तारीख, बुधवार
उद्या लघवी तपासणार. म्हणून आज घ्यायचं नाही असं पक्कं होतं. दुपारी ताई मिक्सरवरून परत सुरू झाली. मग माणूस काय करणार? चूक तिची.
पण डोकं चाललं. दाजींची उद्याच वर्षाची मेडिकल आहे. एवढ्या मोठ्या जगात ताईला हाच नवरा सापडला. कारखान्याची बस चालवतो, हॉर्नसुद्धा विचारून वाजवेल, चहा अर्धाच कप. मेडिकल असली की सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून बाथरूमच्या खिडकीत ठेवतो आणि मग आंघोळीला पाणी तापायची वाट बघत बसतो.
माणूस नाही, फिल्टरचं पाणी आहे.

५ तारीख, गुरुवार
सकाळी दाजींचा माल माझ्या बाटलीत. त्यांची बाटली रिकामी दिसायला नको म्हणून त्यात माझी भरली. मी एवढा विचार करतो लोकांचा. त्यांची नुसती शुगर तर बघतात.
सेंटरला गेलो. बाटली काखेत, गरम राहावी म्हणून. नर्सने बाटलीला थर्मामीटर लावला, आकडा लिहून घेतला. म्हटलं, जिंकलो.
तासाभराने डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. चेहरा गोड. म्हणाल्या, अभिनंदन, तुमच्यात काहीच सापडलं नाही, त्यामुळे तुम्हाला घेता येत नाही. आम्हाला जे सध्या घेतायत तेच लागतात.
आयुष्यात पहिल्यांदा टेस्ट पास झालो आणि यांनी हाकललं. ही काय पद्धत? आधी सांगायला काय झालं होतं? दार आपटून निघालो. ते हळू बंद होणारं दार निघालं, आपटलंच नाही. त्याचा जास्त राग आला.

५ तारीख, संध्याकाळ
ताईला सांगितलं, पास झालो. ती रडली. मग म्हणाली, औषध कधीपासून? मी म्हटलं, सोमवारपासून. आता तिच्या रडण्यापुढे काय बोलणार.

९ तारीख, सोमवार
औषधाला म्हणून निघालो, बसस्टॉपवर बसून आलो. बाकडं मोडकं. तक्रार करणार आहे.

१२ तारीख, गुरुवार
दाजी दुपारी घरी. माझ्या सोफ्यावर. त्यांच्या लघवीत क्रिस्टल निघालं म्हणे, बसची चावी काढून घेतली. दाजी सारखे म्हणतायत, खोकल्याचं औषध घेतलं होतं, त्याचंच असेल. ताई त्यांच्याकडे बघते, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे. त्या कारखान्याला अक्कल नाही. लघवीत काय काय शोधतात. शुगर बघायची सोडून.
हे निस्तरायला मला एक वाक्य पुरेल. पण ते बोललं की सोफा गेला. थोडं थांबतो. लॅबच कबूल करेल चूक.

१६ तारीख, सोमवार
लॅबने कबूल केली नाही. निर्लज्ज लोक.
दाजींना कारखान्याची चिठ्ठी आली. व्यसन आहे हे मान्य करून उपचार घ्या, बस परत मिळेल. नाहीतर घरी बसा. दाजी म्हणाले, करतो मान्य. न केलेलं कबूल करतो हा माणूस. काही स्वाभिमान आहे की नाही?
आज मी सांगणारच होतो. पण दाजी भांडी घासत होते, पाठमोरे. पाठीला काय सांगणार. गुरुवारी नक्की.

१९ तारीख, गुरुवार
ताई दाजींना त्याच सेंटरमध्ये घेऊन गेली. मलाही ओढलं, तुला माहीत आहे तिथलं म्हणून. नर्सने मला ओळखलं. मी छताकडे बघितलं.
डॉक्टरीणबाई दाजींना विचारायला लागल्या, किती दिवस घेताय? दाजींनी जमिनीकडे बघत सांगितलं, दोन वर्षं. झोप? तीन-तीन दिवस नाही. अजून काय होतं? दाजी म्हणाले, जबडा चावत राहतो. चांगला चालणारा मिक्सर खोलतो, मग जोडता येत नाही. जेवायला बोलावलं की अंगावर येतो. नंतर रडतो, पण कोणाला दिसू नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडतो.
हे सगळं माझं होतं. या माणसाने माझं सगळं बघून ठेवलं होतं, आणि आता स्वतःचं म्हणून सांगत होता, तेही चुकीचं. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो की दोन नाही, चार वर्षं. आणि मिक्सर चांगला नव्हता, आवाज करत होता.
ताईने पर्स मांडीवरून उचलून परत मांडीवर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी दाजींच्या पुढचा कागद माझ्यापुढे सरकवला. नर्सने बाटली दिली. या वेळी एक दांडगा वॉर्डबॉय बरोबर आला आणि दार उघडं ठेवून उभा राहिला. त्याच्यासमोर होईना. त्याने नळ सोडला.
नापास झालो. त्यांनी मला घेतलं.

२३ तारीख, सोमवार
औषधाचा पहिला दिवस. गोळी खरी की नुसती पिठाची, हे त्यांनाही माहीत नाही म्हणे. थोर आहेत.
उद्या दाजींबरोबर कारखान्यात जायचंय, बाटल्यांची अदलाबदल घरी कळलीच, आता ती साहेबापुढे सांगायला. दाजींना बस नाही, म्हणून दोघं चालत जाणार. काय बोलायचं विचारलं, तर म्हणाले, सेंटरमध्ये ओरडलास तसंच सांग.
सोफा अजून आहे. ताई बोलत नाही, ताट वाढते. मिक्सर दाजींनी जोडला, एक स्क्रू उरलाय.
खूप राग आलाय. कोणाचा, ते मघापासून आठवतोय.